हिमायत बागेला तिकीट लावावे का?

छत्रपती संभाजीनगरातील हिमायत बाग पर्यटनासाठी सजवावी की फळ संशोधन केंद्राकडे आहे तशीच राहू द्यावी, हा वाद आमच्या जुन्या मित्रमंडळींत पुन्हा पेटला आहे. एका गटाला कारंजी, रोषणाई आणि खाऊचे ठेले हवे आहेत. दुसऱ्याच्या मते तिकीटखिडकी आली की बाग संपली. पहिली मागणी मला मान्य नाही, पण दुसऱ्यांची भीतीही फ्लोरिडात राहून तितकीशी पटत नाही.

येथे सेंट पीटर्सबर्गमध्ये भरवर्दळीच्या रस्त्याला लागून सन्कन गार्डन्स नावाची चारेक एकरांची बाग आहे. जॉर्ज टर्नर नावाच्या प्लंबरने 1903 साली ही जागा घेतली, खळग्यातले उथळ तळे उपसून गाळाच्या मातीत झाडे लावली आणि शेजारीपाजारी फिरायला येऊ लागले तेव्हा त्यांच्याकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. पुढे तेथे मगरींशी कुस्तीचे खेळही झाले, ज्यांचा बागकामाशी काडीचा संबंध नव्हता. तरीही 1999 मध्ये नगरपालिकेने बाग विकत घेतली, तेव्हा त्यासाठीच्या एकवेळच्या जादा कराला मतदारांनी संमती दिली. पिढ्यान्‌पिढ्या तिकीट काढून आत गेलेल्या लोकांना ती आपली वाटत होती, हे त्यामागचे मुख्य कारण असावे.

हिमायत बागेचे गणित मात्र वेगळे आहे. दिल्ली दरवाजाजवळची ही मुघलकालीन बाग कित्येक पटींनी मोठी आहे आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची रोपवाटिका व फळझाडे तेथे आहेत. शिवाय टर्नरला पाणी काढून टाकावे लागले. आपल्याला ते आणावे लागते. मलिक अंबरने ज्या शहरासाठी नहर खोदली, त्याच शहरात आज नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते, आणि अशा गावात हिरवळ व कारंजी मागणे मला निव्वळ उधळपट्टी वाटते.

म्हणून फाटकाजवळचा मर्यादित भाग, माहिती सांगणारा माणूस, आंब्याच्या दिवसांत फळांची आणि पावसाळ्यात रोपांची विक्री, एवढ्यासाठी तिकीट लावायला माझी हरकत नाही. सकाळी फिरायला येणाऱ्यांना मात्र त्यातून वगळावे. तिकिटाचा पैसा बागेच्या विहिरींवर आणि माळ्यांच्या पगारावरच खर्च होईल, असे विद्यापीठ व महापालिका यांच्यात लेखी ठरेपर्यंत खिडकी उघडण्याची घाई कोणी करू नये.