'नेक्स्ट नेक्स्ट तुम्हीच दाबलं' म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेले दोन आठवडे आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या सोसायटीच्या ग्रुपपासून भाच्याच्या कॉलेजच्या ग्रुपपर्यंत एकच मेसेज फिरतोय. त्यात असं आहे की अपडेट करताना कॉम्प्युटरमधे जे नको ते सॉफ्टवेअर घुसतं ना, टूलबार म्हणा, क्लीनर म्हणा, भलताच ब्राउझर म्हणा, ते तुम्हीच परवानगी दिलेली असते म्हणून येतं, नावाजलेल्या कंपन्या असलं काही करत नाहीत, आणि आलं तरी नुकसान काही नसतं, फार त्रास होत असेल तर सगळे अपडेट बंद करून टाका. खाली 'जनहितार्थ' लिहिलंय. मी पंधरा वर्षं एमजी रोडवर कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतोय आणि मला ह्यातला एकही मुद्दा पटत नाही, शेवटचा तर सरळ धोक्याचा आहे, म्हणून हे सगळं लिहितोय.

पहिला मुद्दा, परवानगीचा. आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, आता सत्तरी ओलांडलीय. परवा त्यांचा कॉम्प्युटर बघायला गेलो तर होमपेज बदललेलं, आणि एक क्लीनर दर पाच मिनिटाला खिडकी उघडून सांगतोय की मशीनमधे शेकडो एरर आहेत, पैसे भरा. काका म्हणाले, "अरे तो मेसेज आलाय बघ, चूक माझीच ना, पण मी तर वाचूनच दाबतो रे." मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं काका तुम्ही थांबा, आणि त्यांनी ज्या प्लेयरचा अपडेट केला होता तो इन्स्टॉलर त्यांच्यासमोरच परत चालवला. दुसरीच स्क्रीन त्या क्लीनरची होती. खाली उजव्या हाताला मोठं निळं 'ॲक्सेप्ट' आणि त्याच्या बाजूला फिक्कट राखाडी अक्षरात 'डिक्लाइन', इतकं फिक्कट की ते बटण बंदच आहे असं वाटावं. वर चार ओळींची बारीक इंग्रजी. काकांनी बोट ठेवून दाखवलं, "हे मी वाचलं होतं, पण मला वाटलं डिक्लाइन केलं तर अपडेटच रद्द होईल." बरोबरच आहे ना! अपडेट चालू असताना मधेच 'नको' असं बटण आलं तर कुठलाही माणूस असंच समजेल, आणि असं समजावं म्हणूनच ती स्क्रीन तिथे घातलेली असते. आता ह्याला परवानगी म्हणायचं का? मी म्हणणार नाही. किराणावाल्याने न मागितलेला डबा पिशवीत टाकला आणि वर म्हणाला की तुम्ही नको म्हणाला नाहीत, तर आपण त्याच्याकडून परत सामान घेऊ का?

आणि हे माझं एकट्याचं म्हणणं नाहीये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे स्क्रीनवर गिऱ्हाइकाला फसवायच्या युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात असे १३ प्रकार दिलेत. बिल करताना गुपचूप वस्तू वाढवणं हा त्यातला एक, बटणं अशी मांडायची की माणूस भलतीकडे जावा हा एक, आणि व्हायरस आहे अशी भीती घालून खोट्या साफसफाईचे पैसे काढणं हाही एक. काकांच्या स्क्रीनवर ह्यातले शेवटचे दोन तर डोळ्यांदेखत चालू होते.

दुसरा मुद्दा, नावाजलेल्या कंपन्या असलं करत नाहीत. हे लिहिणारा बहुतेक तेव्हा कॉम्प्युटरवर नसावा. दहा-बारा वर्षांपूर्वी नाशिकमधे ज्या ज्या ठेकेदाराच्या, टॅक्सवाल्याच्या ऑफिसात मी गेलो तिथे जावा नावाचं सॉफ्टवेअर असायचंच, कारण ई-टेंडरवर डिजिटल सही करायची तर जावा लागायचं. जावात सुरक्षेची भोकं सारखी सापडत होती त्यामुळे अपडेट वरचेवर यायचे, आणि विंडोजवर त्या अपडेटमधे आस्क टूलबारची, म्हणजे ब्राउझरमधे घुसणाऱ्या सर्चच्या पट्टीची, टिक आधीच मारलेली असायची, एकदा काढली म्हणून सुटका नाही, पुढच्या अपडेटला परत हजर. जावा बनवणारी ओरॅकल म्हणजे काही गल्लीबोळातली कंपनी नव्हे. जानेवारी २०१३ मधे एका पत्रकाराने तपासून दाखवलं की जावा बसून झाल्यावर तो टूलबार लगेच येतच नाही, दहा मिनिटं दबा धरून बसतो आणि मग येतो, म्हणजे तुम्ही शंका येऊन लगेच कंट्रोल पॅनल उघडलं तरी यादीत काही दिसणार नाही. परवानगी घेऊन येणाऱ्याला दहा मिनिटं लपायची गरज का पडावी हे मला त्या मेसेजवाल्याने सांगावं. अॅडोबीच्या फ्लॅश प्लेयरच्या पानावरही मॅकाफी ह्या अँटीव्हायरस कंपनीच्या स्कॅनची टिक आधीच असायची. त्याआधी मार्च २००८ मधे ॲपलने विंडोजवर आयट्यून्सच्या अपडेटच्या खिडकीतच सफारी ब्राउझर टिक करून ठेवला होता, ज्यांनी तो कधी घेतलाच नव्हता त्यांच्याकडेसुद्धा. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या प्रमुखाने जाहीर टीका केली, मग ॲपलने 'अपडेट' आणि 'नवीन सॉफ्टवेअर' असे वेगळे कप्पे केले. बोललं की बदलतं, म्हणून तर 'चूक तुमचीच' ह्या वाक्याचा मला जास्त राग येतो, त्याने बोलणारा माणूस गप्प बसतो.

नुकसान नसतं म्हणे. फेब्रुवारी २०१५ मधे लेनोवोच्या नव्या लॅपटॉपमधे कंपनीनेच घातलेलं सुपरफिश हे जाहिरातींचं सॉफ्टवेअर उघडकीला आलं. ते अपडेटमधून नव्हे, कारखान्यातूनच आलं होतं, पण जात तीच. जाहिराती दाखवायच्या म्हणून ते साइटची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटच्या जागी स्वतःचंच सर्टिफिकेट मधे घुसवायचं, म्हणजे बँकेच्या साइटवर कुलपाचं चिन्ह दिसतंय पण कुलूप बँकेचं नाहीच. हे बिनधोक असेल तर मग धोका कशाला म्हणायचं?

आता सगळ्यात महत्त्वाचं, अपडेट बंद करा हे. कृपा करून करू नका. वॉनाक्राय हे फायली लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर आठवत असेल, १२ मे २०१७, जगभरात दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरच्या फायली लॉक झाल्या, आणि ते भोक बुजवणारा विंडोजचा अपडेट १४ मार्चलाच आलेला होता, जवळजवळ दोन महिने आधी. ज्यांनी टाकला होता त्यांच्यात ते त्या भोकातून शिरू शकलं नाही. उलट बाजूही सांगतो, त्याच वर्षी सीक्लीनर ह्या साफसफाईच्या प्रोग्रामची एक अधिकृत आवृत्तीच बाधित निघाली, वीस लाखांवर लोकांकडे ती गेली, हे खरं आहे. पण तेव्हाही कंपनीने सांगितलेला उपाय पुढची आवृत्ती टाका असाच होता. अपडेट आणि त्याच्या पाठीवर बसून येणारं पार्सल ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पार्सल नाकारायचं, अपडेट नाही.

नाकारायचं कसं, तर 'कस्टम' किंवा 'ॲडव्हान्स्ड' असा पर्याय दिसला की तोच घ्या, 'रेकमेंडेड' नको. 'डिक्लाइन' बिनधास्त दाबा, नेहमीचा अपडेट त्याने सहसा थांबत नाही, थांबलाच तर तो प्रोग्रामच काढून टाकायच्या लायकीचा. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. आणि विंडोज सिक्युरिटीमधे 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल', त्यात 'रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन', त्यात 'पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग' चालू करा, विंडोज १० च्या मे २०२० च्या अपडेटपासून ते आहे, आणि बघा, तेही अपडेटमधूनच आलंय. आलेलं काढायला फॉरमॅट लागेलच असं नाही, आधी 'ॲप्स'ची यादी इन्स्टॉलच्या तारखेने लावा, त्या दिवशी आलेलं अनोळखी दिसेल ते अनइन्स्टॉल करा, मग ब्राउझरची एक्स्टेन्शन आणि होमपेज तपासा. काकांकडे ह्या सगळ्याला वीस मिनिटं लागली. पुढच्या अपडेटला तीच राखाडी स्क्रीन परत आली तेव्हा मी मुद्दाम मागे उभा राहिलो, आणि काकांनी चष्मा वर सरकवून 'डिक्लाइन' स्वतः दाबलं.