'सडेतोड' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (हरिकेन आणि टोर्नेडोचा लेख)

मागच्या आठवड्यात मी हरिकेन आणि टोर्नेडो यांच्यातल्या फरकावर लिहिलं होतं, त्यावर 'सडेतोड' या नावाने एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. मी ती उडवलेली नाही, खाली आहे तशीच ठेवली आहे. खाली जायचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी सार इथेच देते:

"ताई, एवढा पसारा मांडायची गरजच नव्हती. गोल फिरणारा वारा तो गोल फिरणारा वारा, एक मोठं एक छोटं, संपला फरक. टोर्नेडो ३०० मैलांनी फिरतो, हरिकेन दीडशेने, मग खरं भयंकर कोण हे शाळकरी पोरगंही सांगेल. हरिकेनमधूनच टोर्नेडो निघतात हे सोयीस्कर विसरलात. टोर्नेडो आला की पुलाखाली थांबायचं, ही साधी गोष्टही लिहिली नाहीत. बाकी एवढं ज्ञान मिस्टरांनी पुरवलेलं दिसतंय. आम्हीही मुलाकडे एडिसनला राहून आलोय, अमेरिका आम्हाला शिकवू नका."

पहिलं म्हणजे हे 'ताई' प्रकरण. वर ताई म्हणायचं आणि खाली अक्कल काढायची ही आपल्याकडची जुनी रीत आहे, मला तिची सवय आहे, पण सडेतोड साहेब, टीका करायला माझी अजिबात ना नाही, या ब्लॉगवर माझ्या मसालेभाताच्या रेसिपीवरही लोकांनी मला झोडपलंय आणि मी हसून घेतलंय. पण समोरच्याला मूर्ख धरूनच सुरुवात करायची, आणि तेही स्वतःचं नाव न सांगता, याला सडेतोडपणा म्हणत नाहीत. याला जे म्हणतात ते मी इथे लिहीत नाही कारण माझी आई हा ब्लॉग वाचते.

एक गोष्ट मान्य. मी आकडे कुठे मैलात, कुठे किलोमीटरमध्ये दिले होते, त्यामुळे वाचताना त्रास झाला असणार. आता मूळ लेखात दोन्ही टाकलेत.

आता तुमचं ते मुख्य वाक्य. "एक मोठं एक छोटं, संपला फरक." मी हे वाक्य रात्री वाचलं, सकाळी परत वाचलं, डबे भरताना डोक्यात तेच. मग विंचू म्हणजे साप लहान असतानाचा, असं म्हणायचं का? दोघांना विष आहे, दोघे चावतात, एक मोठा एक छोटा!

अहो, ही दोन्ही जन्मतात कशी ते बघा ना. हरिकेनला लागतो गरम समुद्र, पाण्याचं तापमान साधारण साडेसव्वीस अंश सेल्सियस आणि तेही नुसतं वरवरचं नाही तर चांगलं खोलपर्यंत. त्या पाण्याची वाफ वर जाते, वर तिचे ढग होतात, ढग होताना उष्णता बाहेर पडते, त्याने मधली हवा अजून गरम आणि हलकी होते, खालचा दाब उतरतो, चहूबाजूंनी हवा आत धावते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती वळते. म्हणून तर विषुववृत्ताला चिकटून, पाचेक अंशांच्या आत, हरिकेन सहसा होत नाही, तिथे तो वळवणारा जोरच पुरत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या सगळ्या डोलाऱ्याला वरपासून खालपर्यंत वारा साधारण एकसारखा लागतो. खाली एका दिशेचा आणि वर भलत्याच दिशेचा जोरदार वारा असला की हरिकेनचा माथा एकीकडे आणि बूड दुसरीकडे, ते मोडतं.

आपल्याच समुद्राचं बघा. निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला येऊन धडकलं ती तारीख ३ जून २०२०. तौक्ते आलं ते मे २०२१. अरबी समुद्रातली वादळं मे-जूनमध्ये नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात, ऐन जुलै-ऑगस्टमध्ये का नाही? पाणी काही बर्फ झालेलं नसतं. पण खाली नैऋत्येचा मोसमी वारा आणि बारा-पंधरा किलोमीटर वर पूर्वेकडून येणारा जोरदार वारा, या ओढाताणीत चक्रीवादळ उभंच राहत नाही. आणि हरिकेन नि आपलं चक्रीवादळ हा एकच प्रकार आहे, समुद्र वेगळा म्हणून हाक वेगळी.

आता टोर्नेडो. त्याला नेमकी तीच ओढाताण हवी असते! ओक्लाहोमा, कॅन्सस, उत्तर टेक्सास, तिथे वसंतात खाली मेक्सिकोच्या आखाताकडून दमट गरम वारा येतो, पश्चिमेकडून कोरडी हवा येते, आणि वर पश्चिमेचा जोरदार वारा असतो. खाली आणि वर वाऱ्याची दिशा वेगळी, वेग वेगळा, म्हणून मधली हवा आडवी लोळण घेत फिरायला लागते, आणि गडगडाटी ढगाचा वर चढणारा झोत त्या आडव्या फिरणाऱ्या हवेला उचलून उभी करतो. तो अख्खा ढगच मग आतून फिरायला लागतो, त्याला सुपरसेल म्हणतात. बहुतेक सुपरसेल काहीही न करता गारा टाकून निघून जातात. थोड्यांच्याच पोटातून ती सोंड जमिनीपर्यंत उतरते. म्हणजे ज्याने एकाचा जीव जातो त्यानेच दुसऱ्याचा जन्म होतो, आणि तुम्ही म्हणताय एक मोठं एक छोटं. परत एकदा सांगू का? नको, पुरे.

आणि हा काही पुस्तकातला कीस नाही. हा फरक कळला नाही तर माणसं मरतात. हरिकेन येतंय हे मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरवाले दिवसांच्या हिशोबात आधी सांगतात, त्याला नाव असतं, नकाशावर त्याची वाट काढलेली असते, पेट्रोल भरून निघून जायला वेळ असतो. टोर्नेडोची वॉर्निंग मिळते ती मिनिटांत, सरासरी दहा-पंधरा मिनिटं. किनाऱ्यावरचे लोक म्हणतात, पाण्यापासून पळा आणि वाऱ्यापासून लपा. टोर्नेडोत पळायचं नसतं. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमात एल रीनोला जो टोर्नेडो आला तो मोजलेल्यांमधला सगळ्यात रुंद, ४.२ किलोमीटर. त्याआधी अकराच दिवस झाले होते जवळचं मूर गाव दुसऱ्या एका टोर्नेडोने उद्ध्वस्त होऊन, लोक घाबरलेले, टीव्हीवरही गाडी काढून दक्षिणेला निघा असं सांगितलं गेलं, आणि लोक निघाले. हायवेवर गाड्याच गाड्या, पुढे जाता येईना मागे येता येईना. त्या टोर्नेडोत जी माणसं गेली ती गाड्यांमध्येच गेली. हरिकेनला करायची गोष्ट टोर्नेडोला केली की असं होतं.

उलटंही होतं, म्हणजे हरिकेनपासून पळतानाही माणसं जातात. २००५ मध्ये कॅट्रिना हरिकेन नुकतंच होऊन गेलेलं, मागोमाग रीटा येतंय म्हटल्यावर अख्खं ह्यूस्टन एकदम रस्त्यावर आलं. आम्हीही होतो त्यात, मुलगी मांडीवर, एसी बंद केलेला कारण पेट्रोल पुरवायचं होतं, आणि गाडी चालण्याऐवजी सरकतेय. वाऱ्यापावसापेक्षा त्या पळापळीतच जास्त माणसं गेली, शंभराच्या आसपास, त्यात वृद्धाश्रमाच्या एका बसला आग लागून २३ जण. रीटा शेवटी ह्यूस्टनला चुकवून लुइझियानाच्या हद्दीकडे गेलं.

तेव्हा साहेब, मी घरबसल्या लिहीत नाही. ३ मे १९९९ ला आम्ही ओक्लाहोमात नॉर्मनला होतो. नवीन संसार, वरच्या मजल्यावरचं विद्यार्थ्यांचं अपार्टमेंट, तळघर नाही. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी आम्हाला अक्षरशः दंडाला धरून खाली नेलं, त्यांच्या बाथटबमध्ये बसवलं आणि वर गादी टाकली. तो टोर्नेडो उत्तरेला मूरमधून गेला. त्यात ३६ माणसं गेली, आणि रडारवर जो ३०१ मैलांचा, म्हणजे ४८४ किलोमीटरचा वेग दिसला तो त्याचाच. तुमचे ते ३०० मैल. तुम्ही तो आकडा कुठेतरी वाचलात, मी गादीखाली बसून रेडिओ ऐकला. असो.

वेगाचा विषय निघालाच आहे तर तोही ऐका. बहुतेक टोर्नेडोंचा वेग कोणी मोजतच नाही. टोर्नेडोची तीव्रता शून्य ते पाचमध्ये सांगणाऱ्या ईएफ स्केलचा नंबर नंतर मिळतो, पडझड बघून, भिंत कुठली पडली, झाडाची साल निघाली का, त्यावरून वेगाचा अंदाज. एल रीनोचा टोर्नेडो रडारवर भयानक वेगाचा दिसला तरी नोंद झाली ईएफ-३, कारण बराचसा शेतांतून गेला, मोडायला घरंच फारशी नव्हती. त्यात टिम समारास हे आयुष्यभर टोर्नेडोचा अभ्यास केलेले संशोधक, त्यांचा मुलगा आणि सहकारी गेले. एवढ्या अनुभवी माणसालाही त्याने चकवलं, आणि आपण वेगाच्या आकड्यावरून भयंकर कोण ते ठरवणार!

आणि हरिकेनमध्ये तर वारा हा अर्धाच प्रश्न. कॅट्रिना किनाऱ्यावर आलं तेव्हा पाचपैकी कॅटेगरी ३, पण मिसिसिपीच्या किनाऱ्यावर समुद्र २७-२८ फूट चढला. आईक २००८ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर गॅल्व्हेस्टनला आलं ते नुसतं कॅटेगरी २, लोक म्हणाले काय एवढं, दोनच तर आहे, आणि पलीकडच्या बोलिव्हरच्या पट्टीवरचं गिलख्रिस्ट गाव जवळजवळ पुसलं गेलं. हार्वी २०१७ मध्ये ह्यूस्टनवर येईपर्यंत वारा पार उतरलेला, पण नीडरलँड या गावात साठ इंच पाऊस मोजला गेला, दीड मीटर! आमच्या गल्लीत होड्या फिरत होत्या. कॅटेगरी फक्त वाऱ्याची असते, पाण्याची नसते. १९०० सालच्या गॅल्व्हेस्टनच्या वादळात साधारण ८ हजार माणसं गेली, ती मुख्यतः पाण्याने. तुमच्या शाळकरी पोराला हेही सांगा.

हरिकेनमधून टोर्नेडो निघतात, हो निघतात. २००४ च्या आयव्हनने शंभराच्या वर टोर्नेडो टाकले, २०२४ मध्ये मिल्टन फ्लोरिडाला पोचायच्या आधीच त्याच्या टोर्नेडोंनी माणसं मारली. माहीत आहे मला. माझ्या लेखाचा तो विषय नव्हता, प्रत्येक लेखात सगळंच कोंबायचं नसतं.

पुलाखाली थांबायची गोष्ट मात्र सोडून देता येत नाही, कारण कोणी भाबडेपणाने ती खरी मानेल. थांबायचं नाही. पुलाखाली वारा अरुंद जागेतून जोरात घुसतो, पत्रे, लाकडं, दगड सगळं घेऊन येतो, आणि वरच्या बाजूला चढून बसलेला माणूस त्याच्या तोंडाशीच असतो. त्याच ३ मे १९९९ ला पुलांखाली आसरा घेतलेली माणसं मेली आहेत. मी हे लिहिलं नाही कारण हे चूक आहे, आणि तुम्ही ते "साधी गोष्ट" म्हणून लोकांना सांगताय. मला राग आला तो खरं तर इथे आला.

न्यू जर्सीतल्या एडिसनला तुम्ही कधी होतात कल्पना नाही. पण सप्टेंबर २०२१ च्या सुरुवातीला असतात तर हा वाद झालाच नसता. आयडा लुइझियानात किनाऱ्यावर चढलं, त्याचे अवशेष तीन दिवसांनी न्यू जर्सीत आले, मलिका हिलला ईएफ-३ टोर्नेडोने घरं उडवली, आणि राज्यात तीसेक माणसं गेली ती बहुतेक पुराच्या पाण्यात. ३०० मैलवाला वारा नव्हता तिथे.

राहता राहिले मिस्टर. माझ्या बायकी हाताने हे लिहिलं असेल यावर तुमचा विश्वास बसत नाही हे मी समजू शकते, तुमच्या पिढीचा प्रश्न आहे, सोडा. तुमच्या माहितीसाठी सांगते, स्कायवॉर्नचं, म्हणजे अमेरिकन हवामान खात्याचं, वादळं ओळखून कळवायचं स्पॉटर ट्रेनिंग फुकट असतं, कोणालाही करता येतं, ते मी केलंय. आमचे हे अकाउंटिंगवाले आहेत. त्यांना सुपरसेल म्हणजे अजून दिवाळीचा मोठा सेल वाटतो.