साहित्यिकाला सांस्कृतिक खातं द्या म्हणता, पण कोणत्या?

हिवाळी अधिवेशन जवळ आलं की नागपुरात कुणीतरी म्हणतंच, 'सांस्कृतिक खातं एखाद्या साहित्यिक प्राध्यापकाकडे द्या ना!' दाखला हुमायून कबीर यांचा. दाखला खराच, पण अर्धा.

ऑक्सफर्डला शिकलेले, आंध्र आणि कलकत्ता विद्यापीठांत शिकवलेले, बंगाली कवी आणि कादंबरीकार. १९५८ ते १९६३ केंद्रात वैज्ञानिक संशोधन आणि सांस्कृतिक कार्य हे खातं त्यांच्याकडे होतं. पण त्याआधी बरीच वर्षं ते शिक्षण मंत्रालयात अधिकारी होते, सचिवपदापर्यंत पोचले, हे कुणी सांगत नाही. फाइलवरची टिपणी कुठे अडते हे त्यांना मंत्री होण्याआधीच ठाऊक होतं.

कागद सांभाळायची त्यांची शिस्त मौलाना आझादांच्या आत्मकथेत बघा. आझाद उर्दूत बोलायचे, कबीर इंग्रजी मसुदा करून परत त्यांच्यापुढे ठेवायचे. त्यातली सुमारे ३० पानं आझादांना तेव्हा छापायची नव्हती. ती मोहोरबंद होऊन कलकत्त्याच्या नॅशनल लायब्ररीत आणि दिल्लीच्या अभिलेखागारात गेली, उघडली १९८८ मध्ये. कबीर १९६९ मध्येच गेले होते. आजच्या काळात एवढी पानं आठवडाभर तरी दडून राहतील का, शंकाच आहे.

आता आपल्याकडचं. डिसेंबरात इथल्या विधान भवनात पुरवणी मागण्या, म्हणजे मूळ अर्थसंकल्पाबाहेरचा जादा खर्च, मंजूर होतात. मग प्रशासकीय मान्यता, शासन निर्णय, निधी वितरणाचा आदेश. एवढ्यात जानेवारी सरतो आणि ३१ मार्चला उरलेला निधी परत जातो. म्हणून महोत्सव फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन दहावी-बारावीच्या परीक्षांत कोंबले जातात आणि खुर्च्या रिकाम्या राहतात. खडी गंमत, दंडार या विदर्भातल्या लोककलांच्या पथकाचं दुखणं वेगळंच. ढोलकीवाल्याचं अर्जावर एक नाव, बँक खात्यावर दुसरं. मानधन तिथेच अडकतं. मिळालेल्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्चल्याचा दाखला, गेलं नाही की पुढचा हप्ताही लटकतो. उत्तम कविता लिहिणाऱ्या मंत्र्याला यातलं काही माहीत नसेल तर तो उद्घाटनाची भाषणंच करत फिरणार.

यशवंतरावांनी १९६० मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना मंत्री केलं नाही, साहित्य संस्कृती मंडळ हाती दिलं. मराठी विश्वकोश त्यातूनच उभा राहिला. मला हीच वाट जास्त पटते. तरीही लेखकच मंत्री हवा असेल तर निदान ग्रंथालय, विद्यापीठाचा विभाग, असं काहीतरी चालवलेला बघा. आणि महोत्सवाचा खर्च पुरवणीत नको, मूळ अर्थसंकल्पात मागा. तारखा एप्रिलमध्ये ठरल्या तर पथकांची नावं आणि खाती पावसाळ्यातच तपासून होतात, दंडारवाल्याला दिवाळीनंतरची तारीख मिळते.