‘पडक्या वाड्याला नवं दार’ : जुन्या गेमिंग पीसीबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुना गेमिंग पीसी सुधारून घ्यावा की नवा आणावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. दोन ओळींत आभार मानून सोडून देण्यासारखी ती नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. भाच्याच्या आठ वर्षांच्या पीसीत नवे पार्ट टाकून मी तो चालता केला आणि वाचकांनाही तेच सुचवलं, म्हणजे ‘पडक्या वाड्याला नवं दार’ बसवायला सांगितलं. तुम्ही लेकासाठी २०१७ सालच्या इंटेल आय५-७४०० प्रोसेसरच्या मशीनमध्ये आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड टाकलंत, पंचवीस हजार गेले, आणि गेम अजून पहिल्यासारखाच अडखळतो. वर विंडोज १० चा सपोर्ट संपला. आता ऐंशी हजारांचा नवा संच घ्यायच्या विचारात आहात, आणि आठ वर्षं झाली की मशीन टाकूनच द्यावं, असं तुमचं मत. ‘असे लेख वाचून आईबाप एकाच गोष्टीसाठी दोनदा पैसे घालतात,’ हे तुमचं वाक्य मला लागलं, आणि ते लागायलाच हवं होतं.

कारण चूक माझ्या लेखात आहे. भाच्याचा मदरबोर्ड (सगळे पार्ट ज्यावर बसतात तो मूळ बोर्ड) कुठला, हे मी एका ओळीत उरकलं आणि कार्ड, फ्रेम्स (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं), सेटिंग्ज यांवर पानभर लिहिलं. खरं तर सगळा निर्णय त्या एका ओळीवर उभा होता.

तुमचा पीसी आणि भाच्याचा पीसी, दोन्ही २०१७ चेच. त्याच्याकडे एएमडी कंपनीचा रायझन ५ १६०० प्रोसेसर आणि बी३५० बोर्ड होता, म्हणजे एएम४ सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा). एएमडीने हे सॉकेट पुढची कित्येक वर्षं बदललं नाही. २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० त्याच बोर्डवर बसला, फक्त आधी बायोस (पीसी सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागलं. तुमच्या इंटेल बोर्डचं तसं नाही. आठव्या पिढीचे प्रोसेसर त्याच वर्षाच्या शेवटी आले, सॉकेटचं नावही एलजीए ११५१ च राहिलं, पण इंटेलने त्यांना नवा ३०० मालिकेचा बोर्ड लागेल असं ठरवून टाकलं. त्यामुळे तुमच्या बोर्डवर फार तर सातव्या पिढीचा आय७ बसेल, तोही चार कोरचाच. सेकंडहँड बाजारात कुणी तुम्हाला तो देऊ केला तर घेऊ नका.

दोन्ही मशीनचं वय एकच, पण एकापुढे रस्ता होता आणि दुसऱ्यापुढे भिंत. म्हणून ‘आठ वर्षं झाली की टाकून द्या’ हा तुमचा नियम मला पटत नाही. वय विचारण्याआधी सॉकेट विचारावं.

आता तुमचं कार्ड. आय५-७४०० मध्ये चार कोर आणि चारच थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं. आजचा ऑनलाइन गेम म्हणजे एकटा गेम नसतो, त्याच्याबरोबर अँटी-चीट (गेममधली फसवणूक पकडणारा प्रोग्राम), मित्रांशी बोलायचं ॲप आणि मागे उघडा राहिलेला ब्राउझर हे सगळं त्या चार थ्रेडवर येतं. प्रोसेसर पुढच्या फ्रेमची तयारी करून देईपर्यंत कार्ड हातावर हात धरून बसतं. सरासरी फ्रेम्स चांगल्या दिसतात, पण ऐन चकमकीत मध्येच अर्धा सेकंद चित्र थबकतं. तुमच्या लेकाला जाणवतं ते हेच असणार. हे घरी तपासता येतं. गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम्स भरपूर वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. जवळपास तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर अडवतोय. भाच्याकडे काउंटर-स्ट्राइक २ मध्ये मी हेच केलं. फ्रेम्समध्ये फरक शून्य, कार्डचा वापर साठ टक्क्यांच्या आसपास. म्हणून आधी प्रोसेसर बदलला, कार्ड नंतर. हा क्रम मी लेखात ठळकपणे लिहिला असता, तर तुमच्यासारख्या वाचकाने कार्ड घेण्याआधी ही दोन मिनिटांची चाचणी तरी केली असती.

कुणी भाच्यासारख्या एएम४ बोर्डवर प्रोसेसर बदलणार असेल, तर लेखात राहिलेली एक गोष्ट इथे लिहून ठेवतो. जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस अपडेट करायचं, कारण नवा प्रोसेसर जुन्या बायोसवर चालूच होत नाही. काही बोर्डांना मधली एक आवृत्ती आधी टाकावी लागते, ते बोर्डच्या पानावर वाचून घ्या. पुण्यात आमच्याकडे देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते, म्हणून आम्ही शनिवारी रात्री बसलो, आणि पीसी इन्व्हर्टरवर ठेवला. अपडेट अर्ध्यात तुटलं तर बोर्ड मेलाच म्हणून समजा. त्यानंतर कूलर. आठ वर्षांत थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) वाळून डिंकासारखी होते. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, त्यामुळे कूलर सरळ वर ओढला तर त्याला चिकटलेला प्रोसेसर बंद सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आम्ही आधी दहा मिनिटं गेम चालवून तो गरम केला, मग पीसी बंद करून वायर काढली, चारही स्क्रू सोडवले आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवत राहिलो. भाचा श्वास रोखून टॉर्च धरून उभा होता. ‘चक्’ असा बारीक आवाज झाला आणि कूलर मोकळा झाला. प्रोसेसर जागच्या जागी.

एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा भाग, स्वस्तातला नको असं तुम्ही लिहिलंत, ते शंभर टक्के मान्य. असेंबल केलेल्या पीसीत दुकानदार सगळ्यात आधी तिथेच पैसे वाचवतो. २०१४ साली माझ्याकडे अशाच एका बिननावाच्या एसएमपीएसने जाताना बोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही नेले, आणि हार्ड डिस्कमध्ये बाबांचे शेवटचे फोटो होते. तेव्हापासून या पार्टवर मी काटकसर करत नाही. भाच्याचाही बदलला. लेखातल्या खर्चात ती रक्कम धरायची राहिली, ती आज जोडली आहे.

विंडोजचंही तुमचं बरोबर. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केली तर घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यापुढे नाही. आय५-७४०० विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत नाही. रायझन १६०० ही नव्हता, ५६०० आहे. म्हणजे भाच्याचा हा प्रश्न प्रोसेसर बदलल्याबरोबर सुटला आणि तुमचा बोर्ड बदलल्याशिवाय सुटणार नाही. तुमच्यासाठी बदल हाच मार्ग, यात मला शंका नाही.

पण ऐंशी हजारांचा पूर्ण संच घेऊ नका, ही कळकळीची विनंती. तुमचं आरटीएक्स ३०६० वाया गेलेलं नाही, त्याला जोडीदार मिळालेला नाही इतकंच. कार्ड, कॅबिनेट, एसएसडी, मॉनिटर सगळं ठेवा. तुमच्या मशीनमधली रॅम बहुतेक डीडीआर४, म्हणजे डीडीआर५ च्या आधीच्या पिढीची, असणार, तीही ठेवा. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव इतके भडकले की नव्या डीडीआर५ संचात केवळ रॅमच केवढीतरी रक्कम खाऊन जाते. डीडीआर४ चालणारा बोर्ड घ्या. आय५-१२४००एफ बरोबर डीडीआर४ चा बी६६० किंवा एच६१० बोर्ड, नाहीतर रायझन ५६०० बरोबर बी५५०. दोन्ही प्रोसेसर सहा कोर, बारा थ्रेडचे आणि विंडोज ११ च्या यादीतले. एच६१० आणि बी६६० चे बोर्ड डीडीआर५ चेही येतात, तेव्हा बिल करण्याआधी खोक्यावर ‘डी४’ किंवा ‘डीडीआर४’ लिहिलंय का ते स्वतः पाहा. जुनी रॅम २४०० च्या वेगाची असेल तर थोड्या फ्रेम्स कमी मिळतील, पण आजच्या भावात तेवढं सोसावं. आठ जीबीची एकच स्टिक असेल तर तशीच दुसरी सेकंडहँड मिळवा, दोन स्टिकने फरक पडतो. कार्डचा वीजवापर १७० वॉट आहे, तेव्हा एसएमपीएस चांगल्या कंपनीचा आणि ५५० वॉटचा असू द्या.

नवा बोर्ड आणायच्या आधी मात्र ती ७२० ची चाचणी करून पाहा आणि दोन्ही आकडे इथेच खाली लिहा. रॅमच्या स्टिकवरच्या लेबलचा फोटोही टाका. तो बघून कुठला बोर्ड घ्यायचा ते नक्की सांगतो.