भाता यंत्राच्या हाती, विस्तव आपल्याच

नमस्कार,

मांस कोळशाच्या मंद आचेवर आणि धुरात तासन् तास शिजवायचा स्मोकर, आणि त्याचं तापमान आपोआप सांभाळणारं यंत्र म्हणजे कंट्रोलर, यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा झोंबली, दुसऱ्यांदा निम्मी पटली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रात्रभर स्मोकर कंट्रोलरच्या भरवशावर सोडून झोपणं हा विस्तवाशी खेळ आहे, तापमान यंत्रच सांभाळणार असेल तर माणसाचं कसब उरतं कुठे, त्यापेक्षा सरळ ओव्हनमध्ये भाजा, आणि मध्येच वीज गेली तर?

जे पटलं ते आधी. ‘कंट्रोलर लावा आणि निवांत झोपा’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. मागे घेतो. स्मोकर उघड्यावर आणि जळण्यासारख्या कशापासूनही लांब हवा, छताखाली किंवा गॅरेजमध्ये नाही, हेही लेखात राहून गेलं होतं. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि त्याला वासच नसतो. दोन्ही गोष्टी आता लेखात घातल्या आहेत.

कसबाबद्दल मात्र वाद घालणार आहे. कंट्रोलर काही शिजवत नाही, तो नुसता भाता ओढतो. जाळीवर एक प्रोब (तापमान मोजणारी सळई), खालच्या झडपेला एक छोटा पंखा. तापमान ठरवलेल्या 110 अंश सेल्सिअसच्या खाली घसरलं की पंखा फुंकतो, वर गेलं की थांबतो. कोळशाला किती हवा द्यायची, एवढंच त्याच्या हातात.

ही कल्पनाही आजची नाही. सतराव्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसाने भट्टी जास्त तापली की पारा वर चढून हवेची झडप आपोआप मिटेल अशी रचना केली होती, आणि त्याच युक्तीवर अंडी उबवायची पेटी चालवली होती. आजच्या चांगल्या कंट्रोलरमध्ये जो पीआयडी हिशेब असतो (चूक किती, किती वेळ आणि किती वेगाने बदलतेय हे धरून दुरुस्ती ठरवणं), त्याची नीट मांडणी 1922 साली निकोलस मिनोर्स्कीने केली, तीही जहाजाचं सुकाणू धरणाऱ्या माणसाकडे बघून. मुरलेला सुकाणूधारी आत्ता जहाज किती वळलंय एवढंच बघत नाही; किती वेळ चुकतंय आणि किती वेगाने वळतंय हेही धरतो. म्हणजे यंत्राने कसब घालवलं नाही, ते कसबी माणसाकडूनच शिकलं.

पण त्याला दिसतो फक्त प्रोबच्या टोकाचा एक बिंदू. हे मी चांगलंच भोगलंय. एका रात्री ब्रिस्केट (बीफचा छातीकडचा मोठा तुकडा) ठेवताना प्रोबची क्लिप सरकली आणि टोक मांसाला जाऊन टेकलं. मांस फ्रिजमधून नुकतंच काढलेलं, गारढोण. प्रोब सांगतोय 90, पंखा फुंकतोय. अडीचच्या सुमाराला पाणी प्यायला उठलो तेव्हा करपल्याचा वास आला. झाकणावरचा साधा काटा 165 वर. अलार्म का वाजला नाही? कारण अलार्मही त्याच प्रोबवर अवलंबून! कडा कोळशासारख्या काळ्या आणि कडू झाल्या होत्या, कापून टाकाव्या लागल्या. तेव्हापासून कानाला खडा: जाळीवर दुसरा, स्वतंत्र थर्मामीटर, त्याचा अलार्म वेगळा आणि तो उशाशी. प्रोब मांसापासून चार बोटं लांब, आणि थेट निखाऱ्यांच्या वरही नाही.

झाकण उघडलंत तरी तीच गत. आतली ऊब निघून जाते, यंत्राला वाटतं विस्तव विझतोय, ते जीव खाऊन फुंकतं, आणि झाकण लावल्यावर तापमान उधळतं. आत डोकवायचंच असेल तर आधी पंखा बंद करा.

आणि पंख्याला फुंकता येतं, गार करता येत नाही. सुरुवातीलाच जास्त कोळसा पेटवलात तर त्याच्या हातात काही उरत नाही. म्हणून न पेटलेला कोळसा भरून वर मोजके दहा-बारा निखारे ठेवायचे, म्हणजे आग हळूहळू पसरत जाते. याला जिम मिनियनच्या नावावरून मिनियन पद्धत म्हणतात. वरची झडप किंचितच उघडी. झाकणाच्या फटीतून हवा शिरत असेल तर पंखा थांबूनही आग वाढतच राहते, त्या फटी आधी बुजवायच्या. यातलं एकही काम कंट्रोलर करत नाही.

एका बाबतीत मात्र तो माझ्यापेक्षा शहाणा आहे. मांस आतून 65-70 अंशांवर आलं की तासन् तास तिथेच अडून बसतं. पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होते आणि ती मांस गार ठेवते. भौतिकशास्त्रज्ञ ग्रेग ब्लॉंडर यांनी प्रयोग करून हे दाखवलंय. पहाटे तीन वाजता हे माहीत असूनही माणूस घाबरतो आणि आग वाढवतो. मी वाढवलीय. कंट्रोलर घाबरत नाही.

ओव्हनचं म्हणाल तर ओव्हनमध्ये धूर कुठाय? हां, बाजूच्या वेगळ्या पेटीत ओंडके जाळायच्या ऑफसेट स्मोकरचा धूर वेगळा आणि सरस असतो, हे तुमच्याआधी मीच म्हणेन. तिथे दर तासाभराने लाकूड घालायला माणूसच लागतो, कंट्रोलरचा फारसा उपयोग नाही.

राहिली वीज. पंखा थांबला की हवा जवळजवळ बंद होते, आग भडकत नाही, हळूहळू विझते. धोका आगीचा कमी, मांसाचा जास्त. माझा कंट्रोलर आता बॅटरीवर चालतो. त्याआधी एकदा पहाटे पाचला स्मोकर गार सापडला, मांस आतून 41 अंश, आणि 60 च्या खाली, म्हणजे जंतू वाढू शकतात त्या तापमानात, कधी घसरलं याची नोंद कुठेच नव्हती. ब्रिस्केट दिसायला झकास होतं. फेकून दिलं.