दीडशे जोड बुटांसाठी पोलीस का आले?

बुटासाठी रात्रभर फुटपाथवर झोपणारी पोरं येडी असतात, असं आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एकमताने ठरलं. निमित्त भाच्याचं. त्याला रॅफल लागली (हो, बूट विकत घ्यायचा नंबर लागावा म्हणून सोडत असते) आणि त्याने आनंदाने स्क्रीनशॉट टाकला. किंमत बघून काका, मावश्या, आत्या सगळे तुटून पडले. "एवढ्यात आमचं अख्खं लग्न झालं होतं" वगैरे. तिथे तोंड उघडलं असतं तर ग्रुप सोडायची वेळ आली असती, म्हणून इथे लिहितोय.

मंडळींचा हिशोब सरळ असतो. कंपनी मुद्दाम थोडेच बूट काढते, म्हणून भाव चढतो आणि पोरं फसतात. कंपनी मुद्दाम थोडे काढते हे शंभर टक्के खरं. पण तेवढ्याने भाव चढत असता तर काय हवं होतं? हल्ली फरसाणाच्या पाकिटावरही 'लिमिटेड एडिशन' लिहिलेलं असतं, त्याच्यासाठी कोणी दुकानाबाहेर तंबू ठोकत नाही. माझं म्हणणं असं की कमी माल ही शेवटची पायरी. त्याआधी त्या बुटात कुठल्यातरी गल्लीचं, कुठल्यातरी माणसांचं असं काहीतरी यावं लागतं, जे कंपनीला आपल्या कारखान्यात तयार करता येत नाही. ते ती दुसऱ्याकडून घेते. कोलॅब (दोन नावांनी मिळून काढलेला माल) म्हणजे हाच व्यवहार.

२२ फेब्रुवारी २००५ चं उदाहरण घ्या. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात ऑर्चर्ड स्ट्रीटवर जेफ स्टेपल या डिझायनरचं रीड स्पेस नावाचं छोटंसं दुकान होतं. नायकीने त्याला आपला 'डंक' दिला आणि सांगितलं, यावर न्यूयॉर्क उतरव. डंक मुळात १९८५ चा, कॉलेजच्या बास्केटबॉल संघांसाठीचा बूट. पुढे तो मागे पडला आणि स्केटबोर्डवाल्या पोरांनी स्वस्तात मिळतो म्हणून उचलला. स्टेपलने काय करावं? स्वातंत्र्यदेवता नको, उंच इमारती नकोत. त्याने कबुतर घेतलं. बुटाचा वरचा भाग कबुतराच्या पिसांसारखा दोन छटांच्या राखाडी रंगाचा, सोल त्याच्या पायांसारखा नारिंगी, आणि टाचेशी बाहेरच्या बाजूला धाग्याने विणलेलं एक लहानसं कबुतर. शहरात कोणालाही नको असलेला, तरीही हलवता न येणारा रहिवासी. (दादरच्या कबुतरखान्यावरून काय रण पेटलं होतं ते आठवा, म्हणजे हे प्रतीक किती नेमकं आहे ते कळेल.)

असे बूट निघाले एकूण दीडशे जोड. पोरं कडाक्याच्या थंडीत काही दिवस आधीपासून दुकानाबाहेर मुक्काम ठोकून होती. विक्रीच्या दिवशी गर्दी एवढी वाढली की पोलीस आले. आत बूट घेतलेल्यांना बाहेर कोणी लुटू नये म्हणून मागच्या दाराने काढून टॅक्सीत बसवावं लागलं. दुसऱ्या दिवशी 'न्यूयॉर्क पोस्ट'च्या पहिल्या पानावर हीच बातमी. स्नीकर गोळा करणारी जमात म्हणून काही अस्तित्वात आहे, हे बऱ्याच अमेरिकन आईबापांना त्या दिवशी कळलं.

आता यातून नायकीने कमावलं काय? दीडशे जोडांतून काय मिळणार, डोंबल! पण त्यानंतर डंक हे नाव ज्याच्या त्याच्या तोंडी गेलं आणि साधे डंक जगभर खपले. मर्यादित जोड ही जाहिरात असते, आणि अशी जाहिरात की लोक ती पैसे देऊन पायात घालून फिरवतात.

हा खेळ कंपन्यांना शिकवला कोणी? माझ्या मते रन-डीएमसीने. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या हॉलिसचे हे तिघे रॅपवाले आदिदासचे सुपरस्टार बूट लेस न लावता घालायचे, त्यावर गाणंही केलं होतं. १९८६ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या मैफलीत त्यांनी प्रेक्षकांना सांगितलं, बूट वर करा. हजारो हात वर गेले, प्रत्येकात तीन पट्ट्यांचा बूट. आदिदासचा माणूस ते बघायला हजर होता. मग दहा लाख डॉलरच्या घरातला करार झाला, आणि खेळाडू नसलेल्या मंडळींशी बूट कंपनीने केलेला हा पहिला मोठा करार मानतात. क्रम लक्षात घ्या. आधी गल्ली, मग गाणं, आणि चेकबुक सगळ्यात शेवटी.

बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनच्या बुटाबद्दल थोडक्यात आटपतो, कारण ते सगळ्यांना पाठ असतं. १९८५ चा एअर जॉर्डन १, किंमत ६५ डॉलर. नायकीला पहिल्या काही वर्षांत ३० लाख डॉलरच्या विक्रीची आशा होती, झाली पहिल्याच वर्षात १२.६ कोटींची. एनबीए या बास्केटबॉल लीगने रंगांवरून आक्षेप घेतला आणि नायकीने 'हा बूट घालायला बंदी आहे' अशी जाहिरात करून त्याचंच सोनं केलं. बहुधा ज्या बुटावर आक्षेप होता तो एअर शिप हा वेगळाच बूट होता, पण एव्हाना कोणाला पडलीय!

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते व्हर्जिल ॲब्लो या डिझायनरबद्दल. घानाहून अमेरिकेत आलेल्या आईवडिलांचा मुलगा, शिक्षण सिव्हिल इंजिनिअरिंग आणि मग आर्किटेक्चर. २०१७ मध्ये त्याच्या ऑफ-व्हाइट या फॅशन ब्रँडने नायकीचे दहा जुने बूट नव्याने केले, 'द टेन'. त्यातला जॉर्डन १ हातात घेऊन बघा. स्वूश (नायकीची ती बाकदार खूण) नीट शिवलेला नाही, वरून टाचून ठेवल्यासारखा आहे. जिभेचा फोम उघडा. आतल्या अंगाला कारखान्यातल्या नमुन्यावर असावा तसा मजकूर: कंपनीचं गाव, राज्य, सुमारे १९८५. लेसवर अवतरणचिन्हांत 'शूलेसेस' असंच छापलेलं. आणि लाल प्लॅस्टिकची झिप टाय लोंबतेय, जी कापायची की ठेवायची यावर लोक आजही तावातावाने भांडतात. शाळकरी वयात ज्या बुटासाठी जीव टाकला तो त्याने मोठेपणी ब्लेड घेऊन उघडला आणि आत काय आहे ते सगळ्यांना दाखवलं. शो-पीस म्हणून गुळगुळीत केलेला बूट असता तर मी या पोस्टमध्ये त्याचं नावही घेतलं नसतं. २०१८ मध्ये तो लुई व्हिताँ या फ्रेंच फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या कपड्यांचा प्रमुख झाला, नोव्हेंबर २०२१ मध्ये कॅन्सरने गेला. त्याने केलेल्या लुई व्हिताँ-नायकीच्या २०० जोडांचा पुढच्या वर्षी सदबीजने लिलाव केला, अडीच कोटी डॉलरच्या वर रक्कम जमली आणि ती कृष्णवर्णीय मुलांच्या फॅशन शिक्षणासाठीच्या त्याच्या शिष्यवृत्तीला गेली.

याउलट २०२० चा डिऑर-जॉर्डन (डिऑर ही महागडी फ्रेंच फॅशन कंपनी). दोन हजार डॉलरचा बूट, जोड काही हजार, नाव नोंदवणारे ५० लाख. सुंदर आहे, नाही असं नाही. पण त्यात पैसा सोडून कोणाचं काय आहे हे मला आजतागायत समजलेलं नाही.

आणि इथेच गाडी घसरली. रांगेत उभं राहून मिळालेला बूट म्हणजे 'मी तिथे होतो' याचा पुरावा असायचा. २०१६ मध्ये स्टॉकएक्स ही घेतलेले बूट परत विकायची वेबसाइट आली, शेअरसारखे बुटांचे भाव स्क्रीनवर हलायला लागले, आणि पुरावा घरबसल्या विकत मिळायला लागला. बॉट (आपोआप खरेदी करणारे प्रोग्राम) लावून सेकंदात माल उचलणारे आले. २०२१ मध्ये तर नायकीच्या उत्तर अमेरिकेच्या प्रमुख बाईंना पद सोडावं लागलं, कारण मुलाचा बूट-रिसेलचा धंदा आणि त्यात वापरलेलं त्यांच्या नावावरचं कार्ड छापून आलं. दुसरीकडे काळा-पांढरा 'पांडा' डंक इतक्यांदा काढला की तो ज्याच्या त्याच्या पायात दिसायला लागला, आणि ज्या पोरांनी डंक मोठा केला तीच त्याची टिंगल करायला लागली.

गुंतवणूक म्हणून बूट घेणाऱ्यांना एक सांगतो. जॉर्डन ३, ४ सारख्या बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेन नावाचं फोमसारखं प्लॅस्टिक असतं. हवेतल्या ओलाव्याने ते आतून फुटत जातं. न वापरता खोक्यात ठेवलेला जोड पंधरा-वीस वर्षांनी काढावा आणि पायात घातल्यावर चार पावलांत सोलचा भुगा व्हावा, हे हमखास घडतं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तर विचारूच नका. भाच्याला मी एवढंच सांगितलंय की घेतोयस तर घाल.

आता आपल्याकडे या. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरी दाखवली आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. २०१९ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली वस्तू, महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांची. बोंब झाली, मग कंपनीने मान्य केलं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: २००० जोड, इथेच बनवायचे, किंमत साधारण ८०० युरो. म्हणजे चक्क लिमिटेड एडिशन कोलॅब! "आपल्या चपलेला किंमत आली" म्हणून बरेच जण खूश आहेत. मी अर्धाच खूश आहे. स्टेपलचं कबुतर टाचेवर होतं, ॲब्लोची अक्षरं बुटाच्या अंगावर होती, जॉर्डनला तर प्रत्येक जोडामागे वाटा मिळतो. इथे दुसरं नाव महामंडळाचं आहे. कातडं कमावणारा, वेणी घालणारा, कान शिवणारा चर्मकार त्या करारात कारागीर या एका शब्दात मावलाय. त्या दोन हजारांतल्या प्रत्येक जोडावर क्रमांक, गाव आणि बनवणाऱ्याचं नाव आणि विक्रीत त्याची टक्केवारी, एवढं मागायला महामंडळाचं काय जातं? कोल्हापूर-सांगलीकडचे कोणी या व्यवसायातले असतील तर कमेंटमध्ये लिहा, सध्या एका जोडामागे हातात नेमके किती पडतात.