बाईंची बदली झाली आणि खोलीला कुलूप लागले

आज सकाळी भाजी घेऊन परतताना आमच्या सोसायटीच्या फलकावर दोन कागद शेजारी शेजारी लावलेले दिसले. पहिला रंगीत होता. क्लबहाऊसमध्ये दहा दिवसांचे उन्हाळी शिबिर, त्यात मातीकाम, नाट्य आणि रोबोटिक्स, वयोगट ६ ते १२ आणि शुल्क साडेपाच हजार रुपये. दुसरा साधा, सेक्रेटरींच्या सहीचा होता. घरकामास येणाऱ्या महिलांनी सुट्टीच्या काळात आपली मुले सोसायटीच्या आवारात आणू नयेत, असे त्यात लिहिले होते. फलकापासून दहा पावलांवर, पार्किंगमधल्या खांबाला टेकून, तिसरीत शिकणारी एक मुलगी बसली होती आणि तिच्या मांडीवर तिचा दोन वर्षांचा भाऊ झोपला होता. त्यांची आई तेव्हा चौथ्या मजल्यावर भांडी घासत होती. आमच्याकडेही तीच येते.

मागच्या आठवड्यात एका गाडीखाली येता येता एक मूल वाचले, म्हणून ही सूचना काढावी लागली, असे सेक्रेटरींनी सांगितले. ते खरे आहे आणि मला मान्यही आहे. पार्किंग ही मुलांनी बसण्याची जागा नव्हेच. पण मग ती जागा कोणती, हे त्या कागदावर लिहिलेले नाही, आणि तसे ते कोणत्याच कागदावर लिहिलेले नसते.

माझे बालपण सोलापुरात गेले. आई विडी कारखान्यात विड्या वळायला जात असे. आमची शाळा सकाळची होती आणि ती साडेबाराला सुटे. आई घरी येईपर्यंत पाच वाजत. मधल्या साडेचार तासांत मी धाकट्या भावाला सांभाळायचे आणि दुसऱ्या दिवसाच्या विड्यांसाठी भिजवलेली पाने पत्र्याच्या मापावर कातरायची, असा आमच्या घरचा रिवाज होता. याला कुणी बालमजुरी म्हणत नसे. आईला हातभार लावते, गुणाची पोर आहे, असे म्हणत. तिसरीत असताना आम्हाला एक बाई मिळाल्या. शाळा सुटल्यावर त्या घरी जात नसत. महापालिकेच्या त्या शाळेतली कोपऱ्यावरची एक खोली त्या साडेपाचपर्यंत उघडी ठेवत. तिथे कुणी अभ्यास करी, कुणी सागरगोटे खेळे, आणि माझा भाऊ सतरंजीवर झोपे. बाई वह्या तपासत बसलेल्या असत. पैसे नव्हते, नाव नोंदवणे नव्हते, काही नव्हते. एक मोठे माणूस आणि एक उघडे दार, एवढाच तो कारभार होता.

पुढच्या जूनमध्ये बाईंची बदली झाली आणि खोलीला कुलूप लागले. मी पुन्हा पाने कातरायला बसले.

ही गोष्ट मी अनेकदा सांगितलेली आहे आणि प्रत्येक वेळी ऐकणारे म्हणतात, ‘किती थोर होत्या हो बाई.’ थोर होत्याच. पण मला आज त्या कौतुकाचाच राग येतो आहे. पन्नासएक मुलांची दुपार एका बाईच्या चांगुलपणावर टांगलेली असावी आणि बदलीच्या एका कागदाने ती खाली पडावी, यात कौतुक करण्यासारखे काय आहे? शाळेची घंटा कुणाच्या चांगुलपणावर वाजत नाही. मग घंटेनंतरचे साडेचार तासच तेवढे कुणाच्या तरी दयेवर का असावेत?

या देशातील कायदे आणि योजना पाहा. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, ती सहा वर्षांखालील मुलांसाठी. १९७५ साली गांधीजयंतीच्या दिवशी सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना, म्हणजे आपली अंगणवाडी, सहाव्या वर्षापर्यंत. २०२२ पासून नव्या रूपात आलेली ‘पाळणा’ योजनाही सहा महिने ते सहा वर्षे. ही पाळणाघरे गरजेच्या मानाने किती थोडी आहेत, ते विचारू नका. सहाव्या वाढदिवशी मात्र मूल आपोआप शहाणे होते, स्वतःला सांभाळते, वर धाकट्यालाही सांभाळते, असे सरकारने गृहीत धरलेले दिसते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षण मात्र दुपारी सुटते आणि मे महिन्यात तर बंदच असते.

शाळेबाहेरचा वेळ कायद्याला ठाऊकच नाही, असे मात्र नाही. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यात त्याचा उल्लेख आहे. धोक्याचे धंदे वगळता, शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत मुलाने कुटुंबाच्या उद्योगात मदत केलेली चालेल, असे त्यात म्हटले आहे. शाळेनंतर आणि सुट्टीत! म्हणजे ज्या तासांसाठी आपण खोली उघडली नाही, त्या तासांसाठी कामाची परवानगी तेवढी लिहून ठेवली. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या बोटांना ओल्या पानांचा वास आला.

शाळेनंतर आणि सुट्टीत मुलांसाठी शाळेची खोली उघडी ठेवा म्हटले, की सगळेच फुकट दिले तर लोकांना किंमत राहत नाही, असे आता खाली कुणीतरी लिहील. कृपया लिहू नका. आपल्या नातवंडांसाठी साडेपाच हजार भरणारे आपण आणि आपल्या चार घरी राबून पोरांना खांबाला टेकवून ठेवणारी ती, यांतील फुकट कोण घेत आहे, याचा हिशेब मी इथे मांडू लागले तर आपली मैत्री टिकणार नाही. शिक्षकांवर आधीच निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंत सगळी ओझी आहेत, हे मात्र मी मान्य करते. म्हणूनच हे काम शिक्षकांच्या गळ्यात न घालता त्यासाठी वेगळी, पगारी माणसे नेमावीत, असे माझे म्हणणे आहे. सेविकांना मानधन म्हणून चिमूटभर पैसे देऊन आपण अंगणवाडीत जो अन्याय करतो, तो इथे पुन्हा नको.

हे काही परदेशी खूळ नव्हे. बालशिक्षणाला आयुष्य वाहिलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेमके हेच ओळखले होते. थोरली मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी केली. मुले गुरांमागे जातात म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. मुलांचा दिवस जसा होता तशी त्यांनी शाळा वळवली. आपण मात्र मुलांना शाळेच्या वेळापत्रकात बसवतो आणि उरलेला दिवस रस्त्यावर सोडून देतो. सुट्टीतही मुलांना भूक लागते, हे निदान सर्वोच्च न्यायालयाला सुचले. दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेतले शिजवलेले जेवण चालू ठेवा, असे त्याने २००४ च्या एप्रिलमध्ये सांगितले. सुट्टीत शाळेचे दार उघडता येते, हे त्यातून दिसलेच की. फक्त त्यासाठी आधी दुष्काळ पडावा लागतो.

आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत महापालिकेची दुमजली शाळा आहे. पंखे आहेत, नळ आहे, भिंतींवर पाढे आहेत, आणि जूनच्या मध्यापर्यंत फाटकाला साखळी आहे. एवढे लिहून मला थांबता आले असते. पण मी या सोसायटीत अकरा वर्षे राहते आहे, त्या साखळीजवळून रोज जाते आहे, आणि आजवर कुणाला एक अर्जही लिहिलेला नाही. सोलापूरची गोष्ट सांगून टाळ्या घेतल्या, तेवढेच. माझा निम्मा राग कुणावर आहे, ते आता तुमच्याही लक्षात आले असेल.

अर्ज आज दुपारी लिहिला. क्लबहाऊस रोज तीन तास या मुलांसाठी उघडावे, असे पत्र सेक्रेटरींनाही दिले. त्यांनी ‘कमिटीपुढे ठेवतो’ म्हटले आहे, म्हणजे काय ते तुम्ही जाणताच.

तोवर त्या मुलीला मी घरी बोलावले. तिने भावाला कडेवर घेतले, दाराबाहेर दोघांच्या चपला भिंतीला चिकटवून ठेवल्या आणि आत येण्याआधी विचारले, ‘काकू, कितीपर्यंत बसायचं?’ तिच्या आईचे शेवटचे घर साडेचारला सुटते. तोवर बस, असे मी तिला सांगितले. ‘उद्यापण?’ असे तिने विचारले आणि मी हो म्हणाले. सोमवारी मला दातांच्या डॉक्टरांकडे जायचे आहे आणि पुढच्या आठवड्यात मुलीकडे नाशिकला. ते तिला अजून सांगितलेले नाही.